पाणी अडविणे आणि पाणी सोडणे

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो. जिजाऊंचा जन्म इथे १५९८ साली झाला. लोक येतात, राजवाड्यातील जन्मस्थळी माथा टेकवितात, लखुजीराव जाधवांची समाधी पाहतात, आणि दुपार कलली की परतीची एस.टी. गाठतात. त्यांच्यापैकी मोती तलावाच्या पाळीवर जाऊन घटकाभर उभे राहणारे फार थोडे. हा तलाव जाधवांच्या अमदानीतला. त्याची दर्शनी बाजू एखाद्या वाड्यासारखी सजविलेली आहे. गावात चांदणी तलाव आहे, त्याच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. पुतळा बारव आहे, सजना बारव आहे. लखुजीराव १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात दग्याने मारले गेले, हे आपण मुलांना शिकवितो. परंतु या घराण्याने आपल्या गावासाठी पाण्याची जी रचना उभी केली, ती मात्र इतिहासाच्या तासाला बहुधा येत नाही. ती आली तर भूगोलाच्या तासाला येते, आणि तिथेही एका ओळीत आटोपते.

मी इतिहासाचा प्राध्यापक. इंजिनियर नव्हे. तरीपण आज पाण्याच्या बांधकामाविषयी चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो आहे, कारण हा विषय इतिहासाचाही आहे, आणि, खरे सांगायचे तर, माझ्या घरचाही आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आधी आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. बुलढाणा जिल्हा म्हणजे एक छप्पर आहे म्हणा ना. अजिंठ्याचा डोंगर हे त्या छपराचे आढे. आढ्याच्या उत्तरेकडे पडलेले पाणी नळगंगा, विश्वगंगा यांसारख्या नद्यांनी घाट उतरून पूर्णेला मिळते, पूर्णेतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ पश्चिम समुद्राला जाते. आढ्याच्या दक्षिणेचे पाणी पैनगंगेत आणि खडकपूर्णेत उतरते, ते अखेर गोदावरीत पोचते आणि आंध्राचा किनारा गाठते. एकाच सरीचे थेंब, पण शेजारी-शेजारी पडून दोन समुद्रांना वाटले जातात! छपराला पाण्याची अडचण कधीच नसते. अडचण असते ती पन्हाळीची. पन्हाळ तुंबली की भिंत भिजते, हे घर शाकारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्षाला ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो. पण तो रोज थोडाथोडा, मोजूनमापून येत नाही. महिनाभर तोंड दाखवीत नाही आणि मग एका रात्रीत सगळा हिशेब पुरा करून टाकतो. पाण्याचे कोणतेही बांधकाम त्या एका रात्रीसाठी बांधायचे असते. उरलेल्या दिवसांत कसाही बांध टिकतोच.

आता निसर्गाने बांधलेला एक तलाव पाहू. तो आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झाले, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा कटोरा. भोवताली उंच कड, आत उतरणारे झरे, बारमाही वाहणारी धार. पाणी येण्याच्या वाटा अनेक. जाण्याची वाट एकही नाही. सांडवा नाही, नाला नाही, पाट नाही. पाणी जाते ते फक्त उन्हाने, वाफ होऊन. आणि वाफ होताना पाणी आपल्याबरोबर क्षार नेत नाही. ते मागे राहतात. दरसाल थोडे थोडे साठत गेले, हजारो वर्षे साठत गेले, आणि गोड झऱ्यांचे पाणी पोटात घेणारे सरोवर स्वतः मात्र खारट, साबणासारखे बुळबुळीत होऊन बसले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने आईन-इ-अकबरीत लोणारच्या या क्षारांची नोंद केली आहे. काच आणि साबण करण्यासाठी ते कामी येत. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर बातम्या झळकल्या. खारट पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांची ती करामत होती. लोणार हे जगातले एक आश्चर्य म्हणून आपण अवश्य मिरवावे. पण शेतकऱ्याने ते पाहताना आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या भांड्याला निचरा नाही, त्यात गोडे पाणी ओतत राहिले तरी अखेर खारटच उरते.

ही गोष्ट माणसाने बांधलेल्या तलावालाही लागू आहे, आणि ओलिताच्या वावरालाही.

कोणत्याही तलावाचे अवयव तीन. पाळ, मोरी आणि सांडवा. पाळ पाणी अडविते. मोरी पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढे पाणी सोडते. सांडवा नको असलेले पाणी बाहेर काढतो. तिघांपैकी एकच काम अडविण्याचे आहे आणि दोन कामे सोडण्याची आहेत, हे ध्यानात घ्या. पण आपले सगळे लक्ष असते पाळीकडे. तलाव किती मोठा, असे कोणी विचारले की आपण पाळीची उंची सांगतो. कोनशिला बसते ती पाळीवर. सांडव्यावर कोनशिला बसविलेली मी तरी कुठे पाहिली नाही.

पाळ कशी बांधावी, याचे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. आपली काळी माती पाणी धरते, झिरपू देत नाही. पण वाळली की तिला हात-हात भेगा पडतात. मुरूम भेगाळत नाही. पण तो पाण्याला थोपवीतही नाही. म्हणून शहाणा बांधणारा दोघांची जोडी लावतो. पोटात काळ्या मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण. गाभ्याचे मूळ नुसते जमिनीवर ठेवून भागत नाही. नाल्याच्या तळाचा वाळू-गोटा उपसून, खाली घट्ट थर लागेपर्यंत खंदक खणायचा आणि त्यात गाभा रुजवायचा. नाहीतर पाणी पाळीच्या खालून गुपचूप वाट काढते. माती घालायची ती वीतभराच्या थराने, पाणी शिंपून, धुम्मसाने चोपून. आता रोलर आले. पण थर वीतभराचाच हवा. टिप्परने आणून ओतलेला ढीग म्हणजे पाळ नव्हे. पाण्याकडच्या अंगाला दगडाची पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. मागच्या अंगाला गवत, पावसाने घळी पडू नयेत म्हणून. झाड मात्र पाळीवर नको. बाभूळ उगवली तर ती रोप असतानाच काढावी. मोठी होऊन मेली की तिची मुळे आत कुजतात आणि पाण्याला तयार नळ्या मिळतात. घुशी आणि खेकडे त्यांत आपल्या परीने भर घालतातच. पायथ्याशी दगडांची टाच ठेवायची. पाळीतून थोडेफार झिरपणारच. ते स्वच्छ पाणी त्या दगडांतून निथळून जावे आणि माती जागेवर राहावी. झिरपा स्वच्छ असेल तर चिंता नाही. तो गढूळ येऊ लागला, की समजावे, पाळ आतून वाहू लागली.

हे सगळे केले, आणि सांडवा चुकला, तर केलेले सगळे एका रात्रीत जाते.

आता घरची गोष्ट सांगतो. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव कामे निघाली. माझे वडील तेव्हा तरुण. त्यांनी आमच्या शिवारातल्या पाझर तलावावर माती वाहिली. तलाव झाला, त्याच्या खालच्या विहिरींना पाणी वाढले, आणि गावाला त्या तलावाचे मोठे कौतुक वाटू लागले. काही वर्षांनी दोनतीन पावसाळे ओळीने कमी झाले. तेव्हा गावातल्या जाणत्या मंडळींनी विचार केला, सांडव्यातून पाणी फुकट जाते, ते का जाऊ द्यायचे? सांडव्याच्या तोंडाशी दगड-माती टाकून त्यांनी दोनअडीच हात उंचीचा आडवा बांध घातला. मधे बैलगाडीपुरती वाट ठेवली. तलावात पाणी वाढले. सगळे खूष झाले. आमचे वडीलही त्या कामावर होते, आणि आमचे वावर तलावाच्या खाली असल्यामुळे सर्वांत जास्त आनंद आम्हालाच झाला.

मी सातवीत असताना भाद्रपदात एका रात्री पाऊस कोसळला. तलाव आधीच भरलेला होता. पहाटे पाळीच्या मधोमध खिंड पडली. माणूस दगावला नाही, एवढेच नशीब. सकाळी आम्ही वावरात गेलो तर तिथे वावर नव्हते. कपाशी गेली याचे काही नाही, कपाशी पुढल्या साली पेरता येते. पण हातभर काळी माती धुऊन गेली होती आणि खाली मुरूम उघडा पडला होता. वडील धुऱ्यावर बसून राहिले. कोणाला बोल लावणार? पाळ बांधणारे हात त्यांचे, सांडवा बुजविणारे हातही त्यांचेच. गाळ टाकून टाकून ते वावर पुन्हा पिकू लागायला आम्हाला चौदा वर्षे लागली.

त्या रात्री नेमके काय झाले असेल, याचा हिशेब मी पुढे पुष्कळ वर्षांनी एका इंजिनियर मित्राकडून शिकलो. तो इतका सोपा आहे, की सातवी-आठवीच्या मुलांकडून करवून घ्यावा असे मी शिक्षक बंधुभगिनींना सुचवीन. एका हेक्टरावर १० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०० घनमीटर पाणी पडले, म्हणजेच १ लाख लिटर. आता समजा, तलावाच्या वरचे पाणलोट १०० हेक्टर आहे, आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. ५०,००० घनमीटर पाणी पडले. जमीन भिजलेली असल्यामुळे त्यातले निम्मे वाहून आले असे धरू. २५,००० घनमीटर, तासाभरात. सेकंदाला सुमारे ७ घनमीटर! तलाव आधीच भरलेला आहे, म्हणजे येईल तेवढे पाणी सांडव्याने जाऊ दिले पाहिजे.

सांडव्याचे गणित असे की, त्याच्यावरून अर्धा मीटर खोलीचे पाणी वाहत असेल तर एका मीटर रुंदीतून सेकंदाला ०.६ घनमीटर पाणी जाते. तेव्हा ७ घनमीटर जाण्यासाठी सांडवा सुमारे १२ मीटर रुंद हवा. सांडव्याच्या तळापासून पाळीचा माथा १ मीटर उंच असेल, तर अर्धा मीटर पाणी आणि अर्धा मीटर राखीव. लाटा आल्या, पाळ थोडी बसली, तरी निभावते. आता सांडवा अर्धा बुजवून ६ मीटर करा. तेच पाणी जाण्यासाठी पातळी जवळजवळ ०.८ मीटर चढावी लागते. राखीव उरते वीतभर. आणि गाडीवाटेपुरती ३ मीटर रुंदी ठेवा. पाणी सव्वा मीटर चढायला पाहते. पण पाळ तर मीटरभरच उंच! मग पाणी पाळीवरून जाते. मातीच्या पाळीवरून पाणी गेले की खालचा उतार खचत खचत मागे येतो, आणि पुढचे काम तासाभराचे असते. आमच्या लोकांनी तर रुंदीही कमी केली होती आणि तळही उंच केला होता.

म्हणून सांडवा भक्कम जमिनीत, पाळीच्या एका टोकाला, शक्यतो मूळच्या कडक मुरमात किंवा खडकात काढतात. पाळीच्या भरावावरून सांडवा कधी काढू नये. त्यातून पडणारे पाणी पाळीच्या पायथ्याशी न येता दूर, मूळ नाल्याला जाऊन मिळेल अशी वाट त्याला द्यावी लागते. ही वाट कोणाच्या तरी वावरातून जाते, आणि तिथेच भांडण सुरू होते. वाट नांगरली जाते, धुरा पुढे सरकतो, पाचदहा वर्षांत सांडव्याची वाट सातबाऱ्याच्या कागदावर उरते. हे मी पाहिलेले आहे आणि तुम्हीही पाहिले असेल.

सांडव्यातून जाणारे पाणी ‘फुकट जाते’ असे फक्त आमच्या गावालाच वाटले असे नाही. मोठमोठ्या इंजिनियरांनाही ते खुपत असे. फरक एवढाच, की त्यांनी सांडवा न बुजविता उपाय शोधला. पुण्याजवळचे खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी त्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसविली. हे १९०३ च्या सुमाराचे काम. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत साठे, आणि त्याहून वर चढले की पाण्याच्याच जोराने दारे उघडत. पूर ओसरला की ती पुन्हा मिटत. पाळ न वाढविता आठ फूट जादा पाणी साठू लागले. आठ फूट आमच्या गावानेही साठविले असते! पण आमच्या दगड-मातीच्या बांधाला पुराच्या रात्री बाजूला व्हायचे कळत नव्हते. जो बांध पाहिजे तेव्हा उघडता येत नाही, तो सांडव्यात घालू नये, एवढाच याचा अर्थ. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळा संपता संपता घालायचे आणि पहिल्या पुराआधी काढायचे, हा नियमही त्यातलाच. ते काढायचे राहिले तर नदी बंधारा फोडीत बसत नाही. ती शेजारच्या वावरातून नवी वाट काढते, आणि बंधारा कोरड्या पात्रात तसाच उभा राहतो.

खडकवासल्याचे नाव निघाले तेव्हा पानशेतही आठवते. १२ जुलै १९६१. पानशेतचे मातीचे धरण पहिल्याच पावसाळ्यात फुटले. त्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरण फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ वाहून गेला. ते धरण का फुटले, याची चौकशी नेमली गेली आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरते एवढेच पाहा. भराव घाईने पुरा करून पाणी अडविले होते, पण पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीचे काम अपुरे होते. दारे नीट बसलेली नव्हती, मोरीच्या बांधणीत लोखंडी सळया नव्हत्या. भरावाखालच्या त्या मोरीतून पाणी बेफाम वेगाने सुटले, तिला हादरे बसू लागले, वरची माती खचली, धरणाचा माथा खाली आला आणि पाणी माथ्यावरून गेले. धरण घाताला आले ते मोरीपाशी.

मोरीसंबंधी आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, मातीतून जाणाऱ्या नळाच्या अंगाअंगाने पाणी सरकू पाहते. माती आणि सिमेंट यांची सोयरीक घट्ट होत नाही. म्हणून नळाला जागोजाग आडव्या कॉलरी देतात आणि भोवतालची माती हाताने चोपतात. शेततळ्याच्या बांधातून कोणी पुढे पाइप घालावयास निघाला, तर एवढे ध्यानात ठेवावे. बांध उकरून पाइप टाकला आणि फावड्याने माती ओढून घेतली, तर बांधात भोक पाडल्यासारखेच आहे.

आता तलावाकडून वावराकडे येऊ. पाटाचे पाणी पहिल्यांदा आले तेव्हा लोकांनी ते देवाचे देणे मानले. पण मघाशी म्हटले तसे, लोणारचा नियम वावरालाही सोडीत नाही. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. बारामतीच्या बाजूला ऊस उभा राहिला, पैसा आला. शेतकरी उसाला पाणी पाजीत राहिला, कालवाही झिरपत राहिला. जमिनीखालचे पाणी चढत चढत मुळांपर्यंत आले. ते उन्हाने वर ओढले गेले आणि पांढरा खार जमिनीवर फुलला. तीसचाळीस वर्षांत कितीतरी चांगल्या जमिनी चोपण झाल्या. सरकारने इंग्लिस नावाच्या इंजिनियरला या कामावर नेमले. त्याने आणि गोखले नावाच्या आपल्या सहकाऱ्याने १९२८ साली नीरा कालव्याखालच्या जमिनीतील पाण्याची पातळी उतरविण्याविषयी अहवाल प्रसिद्ध केला. कालवे खणून झाल्यावर कित्येक वर्षांनी चर खणण्याची बुद्धी झाली! पाणी आणण्याचा खर्च एका पिढीने केला आणि ते काढण्याचा खर्च दुसऱ्या पिढीवर पडला.

चराचे तत्त्व अवघड नाही. आपल्या जमिनीत वर काळी माती आणि खाली मुरूम असतो. काळ्या मातीतून पाणी गोगलगाईच्या चालीने सरकते. मुरमातून ते धावते. म्हणून निचऱ्याचा चर काळ्या मातीतच संपला तर त्यात उन्हाळ्यात बेडूक राहतात, वावराचा निचरा होत नाही. तो मुरमापर्यंत गेला पाहिजे. त्याला सारखा उतार पाहिजे, मधे खड्डा पडता कामा नये. आणि त्याचे तोंड नाल्याच्या तळापेक्षा उंचावर पाहिजे. पुष्कळदा चर उत्तम असतो आणि नालाच गाळाने भरलेला असतो. मग पुराच्या वेळी नाल्याचे पाणी उलटे वावरात शिरते. खणायला नेहमी खालच्या तोंडापासून सुरुवात करावी. वरून खणत आले की तिसऱ्याच्या वावराशी येऊन काम अडते आणि सगळे पाणी त्याच्या कपाशीत जाते. मग तलाठ्याच्या दारात गर्दी होते.

आपल्या जिल्ह्यात पूर्णाकाठी, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या बाजूला जो खारपाणपट्टा आहे, त्याचे दुखणे नीरेपेक्षा निराळे. तो अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला आहे. तिथे खार माणसाने आणलेला नाही. नदीच्या जुन्या गाळात आणि जमिनीखालच्या पाण्यात तो आधीपासूनच आहे. विहीर खोदावी तर पाणी मचूळ. ते वावराला पाजले तर मातीतला चिकणपणा असा फुगतो की पाऊस वर तुंबून राहतो, आणि पावसाने उघडीप दिली की जमीन दगडासारखी घट्ट. अशा ठिकाणी विहिरीवर विसंबून भागत नाही. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरावे. तिथली माती झिरपू देत नाही, ही तिची खोड इथे गुण ठरते. वावरात जिप्सम टाकले तर माती मोकळी होते. पण जिप्समने सुटलेला खार बाहेर जाण्यासाठी चर हवाच. चर नसेल तर सुटलेला खार त्याच वावरात फिरत राहतो, आणि जिप्समचा खर्च तेवढा अंगावर पडतो.

अलीकडे आपल्या जिल्ह्याचे नाव आणखी एका कारणाने गाजले. २०१८ च्या सुमारास महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम तलाव, नाले आणि नद्यांतून काढण्यात आली. रस्त्याला भराव मिळाला आणि तलावाला खोली. त्याला लोक बुलढाणा पॅटर्न म्हणू लागले. युक्ती नामी आहे, मीही तिचे कौतुक करतो. मात्र तीही सांभाळून वापरावी. तलावाच्या तळाशी गाळाचा जो थर बसलेला असतो, त्यानेच पाणी धरलेले असते. तो सगळा खरवडून पार मुरमाला हात घातला तर साठवणीच्या तलावाला गळती लागते. पाझर तलावात ती हवीच असते, ही गोष्ट वेगळी. पाळीच्या पायथ्यापासून दूर राहून खणावे. पायथा उकरला तर पाळीचा आधार जातो. नाला भसाभसा खोल केला तर त्याच्या कडा ढासळतात आणि वरच्या रस्त्याच्या मोरीचा पाया उघडा पडतो. जेसीबीच्या तासाचे भाडे चालू असते, म्हणून हे कोणी विचारीत बसत नाही. निघालेला गाळ वावरात टाकावा, तो उत्तम असतो. आमचे वावर त्यानेच उभे राहिले, हे मी मघाशी सांगितलेच.

ग्रामीण भागातील शिक्षकांनी एक करावे. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागण्यापूर्वीच्या एखाद्या सकाळी, वरच्या वर्गातली मुले घेऊन गावच्या तलावावर जावे. बरोबर पन्नास फुटी टेप, एक लांब पारदर्शक नळी आणि कळशीभर पाणी घ्यावे. सांडव्याची रुंदी मोजावी. नळीत पाणी भरून तिची दोन टोके धरली की दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी राहते. हीच आपली दुर्बीण! तिने सांडव्याचा तळ आणि पाळीचा माथा यांतले अंतर काढावे. माथा मधे कुठे बसला आहे का, ते पाहावे. पाणी नेमके तिथूनच जाणार. पाळीवरची बिळे आणि बाभळी मोजाव्या. पाणलोट किती, हे गावच्या नकाशावरून काढता येते. मग वर सांगितलेला हिशेब फळ्यावर करावा, आणि त्याचा कागद ग्रामसभेत वाचून दाखवावा. मुलांनी वाचून दाखविला तर अधिक बरे. त्यांना कोणी गप्प बसवीत नाही.

आमच्या गावचा तलाव पुन्हा बांधला गेला. नवा सांडवा मुरमात कापलेला आहे, १४ मीटर रुंद. वडील आता थकले आहेत. पण मृग निघण्याआधी एकदा ते काठी टेकीत तिथवर जातात, आणि कोणी सांडव्यात काट्या-दगड टाकलेले दिसले की बसून एकेक बाजूला करतात.